बारा व्होल्टच्या बॅटरीवरून ३.३ व्होल्ट: बक कन्व्हर्टर निवडताना काय पाहायचं

डाळिंबाच्या बागेत मातीचा ओलावा मोजायला मी एक बोर्ड बसवला होता. बॅटरी मामांनी दिली. फवारणी पंपातली, १२ व्होल्ट ८ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, एमएएच म्हणजे त्याचा हजारावा भाग). पंप मोडला म्हणून पडून होती, पण धड होती. बोर्डावर ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप. दर पंधरा मिनिटांनी चार सेकंद जागा होणार, आकडा वायफायवरून शेतघरातल्या राउटरला पाठवणार आणि पुन्हा झोपणार. वहीतल्या हिशेबाप्रमाणे बॅटरी बरेच महिने पुरायला हवी होती. दीड महिन्यात मामांचा फोन आला, "अरे, तुझा डबा गप्प झालाय." जाऊन पाहिलं तर बॅटरीच्या टोकांवर साडेआठ व्होल्ट. इतकी खाली उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही. तीही झाली नाही.

कोड ठीक होता, सेन्सरही ठीक होता. बॅटरी खाल्ली ती १२ चे ३.३ व्होल्ट करणाऱ्या छोट्या मॉड्यूलने, म्हणजे बक कन्व्हर्टरने (स्विच वेगाने चालू-बंद करून व्होल्ट कमी करणारं सर्किट). ते बिघडलेलं नव्हतं, त्याच्या डेटाशीटमध्ये (चिपच्या कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकात) लिहिल्याप्रमाणेच वागत होतं. मी त्या डेटाशीटचं चुकीचं पान वाचलं होतं. बॅटरीवरच्या बोर्डासाठी कन्व्हर्टर निवडताना कोणती पानं, कोणत्या क्रमाने वाचायची ते इथे याच बोर्डाचे आकडे धरून सांगतो. तुमचा बोर्ड वेगळा असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

पायरी १: बॅटरीची दोन टोकं लिहून काढा

बॅटरीवर छापलेला आकडा हा मधला आकडा असतो. कन्व्हर्टरला सामोरं जावं लागतं ते वरच्या आणि खालच्या टोकाला. '१२ व्होल्ट'ची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते आणि १०.५ ला रिकामी मानतात. लिथियम-आयनचा एक सेल ४.२ पासून साधारण ३ व्होल्टपर्यंत उतरतो. दोन सेल एकामागे एक लावले तर ८.४ ते ६. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ ते २.५. साधा अल्कलाइन पेन्सिल सेल नवा असताना दीड व्होल्टच्या जरा वर असतो आणि संपताना ०.९ च्या आसपास.

सोलर पॅनल जोडणार असाल तर तिसरा आकडाही लिहा. '१२ व्होल्ट'चं पॅनल मोकळं असताना २१-२२ व्होल्ट देतं. बॅटरीची क्लिप सुटली, तर स्वस्त चार्ज कंट्रोलरमधून हा आकडा थेट तुमच्या बोर्डावर येऊ शकतो. म्हणून माझ्या वहीत पहिली ओळ अशी आहे: कमीत कमी १०.५, नेहमी १२.५, जास्तीत जास्त २२.

पायरी २: बोर्ड किती खातो, तीन आकड्यांत

शिखर, जागेपणीची सरासरी आणि झोप. हे तीन आकडे वेगवेगळ्या कामाचे आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की निवड हमखास चुकते.

शिखरावरून कन्व्हर्टरचा आकार ठरतो. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना २४० मिलिअँपच्या आसपास घेतो आणि त्याची निर्माती कंपनी किमान ५०० मिलिअँप देणारा पुरवठा ठेवायला सांगते. जीएसएम मॉड्यूल असेल तर गोष्टच वेगळी: टू-जीवर पाठवताना अर्ध्या मिलिसेकंदाच्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढ लागते. झोपेच्या आणि जागेपणीच्या आकड्यांवरून बॅटरी किती दिवस चालेल ते ठरतं.

माझा बोर्ड: जागेपणी सरासरी १२० मिलिअँप, झोपेत सेन्सरचा स्विच धरून १५ मायक्रोअँप, दोन्ही ३.३ व्होल्टच्या बाजूला. दिवसात ९६ वेळा जागा होतो, म्हणजे ३८४ सेकंद. ३८४ ला १२० ने गुणून ३६०० ने भागलं की १२.८ एमएएच. झोपेचे ०.०१५ गुणिले २४, म्हणजे ०.३६. दिवसाला एकूण १३.२ एमएएचच्या आत-बाहेर, ३.३ व्होल्टला.

हा आकडा पाठ झाला पाहिजे, कारण पुढची सगळी तुलना याच्याशी आहे.

पायरी ३: मुळात बक हवा का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. 'लिनिअर रेग्युलेटर वीज जाळतो, बक वाचवतो' हे कॉलेजातलं वाक्य डोक्यात पक्कं असतं. वाक्य खरं आहे, अर्धं.

लिनिअर रेग्युलेटरमध्ये जेवढा करंट बाहेर जातो तेवढाच आत येतो. मधल्या व्होल्टची उष्णता होते. त्यामुळे त्याची कार्यक्षमता म्हणजे बाहेरचे व्होल्ट भागिले आतले व्होल्ट. एका लिथियम सेलचा सरासरी व्होल्टेज ३.७ धरला तर ३.३ भागिले ३.७, म्हणजे ८९ टक्के. चांगला बकही तिथे ९० च्या आसपासच देतो. म्हणजे एका लिथियम सेलवरून ३.३ व्होल्ट हवे असतील तर बक, इंडक्टर (तारेचं वेटोळं), जागा, विजेचा गोंगाट हे सगळं घेऊन हातात येतो एखादा टक्का. तिथे चार-पाच मायक्रोअँप खाणारा एलडीओ, म्हणजे आतल्या-बाहेरच्या व्होल्टमध्ये थोडाच फरक (ड्रॉपआउट) लागणारा लिनिअर रेग्युलेटर, लावा आणि पुढच्या कामाला लागा. फक्त एएमएस१११७ हा नेहमीचा लिनिअर रेग्युलेटर लावू नका. तो पूर्ण करंटला १.१ व्होल्टच्या आसपास स्वतःकडे ठेवतो, म्हणजे ३.३ साठी त्याला ४.४ हवेत, आणि तुमचा सेल पूर्ण भरला तरी ४.२ च. वर तो स्वतः ५ मिलिअँप खातो.

सेल ३.३ च्या खाली गेल्यावरही बोर्ड चालावा म्हणून बक-बूस्ट (व्होल्ट कमीही करणारा आणि वाढवणाराही कन्व्हर्टर) घेण्याचा मोह होतो. हलक्या भाराला नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये ३.४ च्या खाली उरलेला माल थोडाच असतो. त्यासाठी महाग चिप घेण्याआधी थोडा मोठा सेल घ्या. बक-बूस्ट खरा शोभतो तो तीन अल्कलाइन सेलांवर, कारण तिथे व्होल्टेज ३.३ च्या वरून निघून बराच काळ खाली असतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलवर ईएसपी३२ थेटही चालतो. मात्र सेल चार्ज होताना ३.६५ ला जातो आणि चिपची मर्यादा ३.६ आहे, हे विसरून चालणार नाही.

आता आमच्या १२ व्होल्टकडे. इथे लिनिअरची कार्यक्षमता ३.३ भागिले १२.५, म्हणजे २६ टक्के. बाकी सगळी उष्णता: ५०० मिलिअँपच्या झटक्याला साडेचार वॉटहून जास्त. बकची जागा ही आहे. दोन सेलांच्या ७.४ व्होल्टवरही तेच, कारण तिथे लिनिअर ४५ टक्क्यांच्या आतच राहतो.

पायरी ४: चिप स्वतः किती खाते

मुंबईत लामिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत 'बक मॉड्यूल द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडतं ते एलएम२५९६ चं, वर निळं प्रीसेट असलेलं. ४० व्होल्टपर्यंत इनपुट, ३ अँपिअर आउटपुट, मजबूत, स्वस्त. चार्जरवर किंवा गाडीत चालणाऱ्या कामासाठी मी आजही ते वापरतो. पण डेटाशीटमध्ये क्वायसंट करंट पाहा. म्हणजे पुढे काहीही जोडलेलं नसताना चिपने स्वतः जागं राहण्यासाठी घेतलेला करंट. तो आहे ५ मिलिअँप, तोही टिपिकल. जास्तीत जास्त १०.

५ मिलिअँप गुणिले २४ तास, दिवसाला १२० एमएएच. आता पायरी २ मधला बोर्ड. त्याची ऊर्जा १२.५ व्होल्टच्या बाजूला ७० टक्के कार्यक्षमतेने मोजली तरी ५ एमएएच भरत नाही. बोर्ड खातो ५ आणि त्याला वाढणारा खातो १२०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

याहून बोचणारी तुलना पुढे आहे. याच १२ व्होल्टवर चार मायक्रोअँप खाणारा, १५ व्होल्ट सोसणारा लिनिअर रेग्युलेटर लावला असता तर त्याच्या २६ टक्के कार्यक्षमतेसह बॅटरीतून दिवसाला १३.३ एमएएच गेले असते. म्हणजे 'वीज जाळणारा' लिनिअर, चुकीच्या बकपेक्षा नऊ पट काटकसरी ठरला असता. मी ज्या पानावर फसलो ते पान म्हणजे पहिलं पान: तिथे मोठ्या अक्षरात लिहिलेली कार्यक्षमता ही अँपिअरच्या भाराला मोजलेली असते. आपला बोर्ड दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी ८६,००० सेकंद झोपलेला असतो.

म्हणून डेटाशीटमध्ये कार्यक्षमतेचा आलेख काढा. आडवा अक्ष बहुधा लॉग स्केलवर असतो. उजवीकडचा उंच, सपाट भाग सोडून द्या आणि डाव्या टोकाला, १० मायक्रोअँप ते १ मिलिअँप या पट्ट्यात रेघ कुठे आहे ते पाहा. आलेख १० मिलिअँपलाच सुरू होत असेल तर ती चिप झोपणाऱ्या बोर्डासाठी बनवलेली नाही असं समजा. चांगल्या चिपमध्ये हलक्या भाराला पीएफएम चालतो: आउटपुट जरा खाली आलं की दोन-चार पल्स मारायचे आणि पुन्हा गप्प बसायचं. कायम पीडब्ल्यूएमवर, म्हणजे ठरलेल्या वारंवारतेवर, चालणारी चिप भार असो-नसो, स्विच फिरवत राहते. एकाच मालिकेत दोन्ही प्रकार असतात आणि नावात शेवटच्या एका अंकाचाच फरक असतो. एपी६३२०० हलक्या भाराला पीएफएमवर जाते, एपी६३२०१ जात नाही. ऑर्डर देताना तो अंक दोनदा वाचा.

मी शेवटी घेतली ती याच घराण्यातली एपी६३२०३. ३.८ ते ३२ व्होल्ट इनपुट, २ अँपिअर, ३.३ व्होल्ट आत ठरवलेले, क्वायसंट २२ मायक्रोअँप, सहा पायांचं पॅकेज. साध्या सोल्डरिंग आयर्नने आणि थोड्या फ्लक्सने बसते. तिचा हिशेब: जागेपणी ८५ टक्के धरून ४ एमएएच, झोपेत चिप आणि भार मिळून ३० मायक्रोअँपच्या आसपास, म्हणजे ०.७. एकूण दिवसाला ४.७ एमएएच. १२५ वरून ४.७.

पायरी ५: कुठे थांबायचं

एकदा मायक्रोअँपचं वेड लागलं की माणूस नॅनोअँपवर जातो. एलटी८६०९ सारखी चिप १२ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट सांभाळत २.५ मायक्रोअँपच घेते. टीपीएस६२८४० चा आकडा तर ६० नॅनोअँप आहे, फक्त तिचं इनपुट ६.५ व्होल्टपर्यंतच आहे. मग २२ वर का थांबायचं?

कारण बॅटरी स्वतःही गळते. लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के स्वतःहून उतरते आणि उन्हाळ्यात डब्यातलं तापमान चढलं की त्याहून जास्त. ८ एएचचे ३ टक्के म्हणजे २४० एमएएच, दिवसाला ८. सरासरी काढली तर ३३३ मायक्रोअँप, काहीही न जोडता. त्या शेजारी चिपचे २२ मायक्रोअँप १ झाले काय आणि २२ राहिले काय, बागेतल्या डब्याला फरक पडत नाही.

माझा नियम सरळ आहे: कन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च बॅटरीच्या गळतीच्या दहाव्या भागाखाली आला की शोध थांबवायचा आणि उरलेले पैसे चांगल्या बॅटरीवर घालायचे. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू आहे. सीआर२०३२ नाण्याच्या सेलची क्षमता २२० एमएएचच्या आसपास आणि गळती वर्षाला साधारण १ टक्का. ती सरासरीने २५० नॅनोअँप भरते. तिथे ६० नॅनोअँपच्या चिपला खरंच अर्थ आहे आणि २२ मायक्रोअँपची चिप म्हणजे उधळपट्टी. २६०० एमएएचचा लिथियम सेल महिन्याला २ टक्के उतरतो असं धरलं तर ७२ मायक्रोअँप, म्हणजे चार-पाच मायक्रोअँपचा रेग्युलेटर पुरे.

गळती धरून पूर्ण हिशेब: लेड-ॲसिड निम्मीच वापरायची म्हणून ४००० एमएएच. जुन्या मॉड्यूलने १३३ ने भागा, ३० दिवस. नव्या चिपने १२.७ ने भागा, ३१५ दिवस. हे नव्या बॅटरीचं. वापरलेल्या बॅटरीत छापलेले आकडे उरलेले नसतात.

पायरी ६: व्होल्टेजची वरची बाजू आणि जोडतानाची ठिणगी

वरचा आकडा २२ असेल तर २४ व्होल्टची चिप 'बसते' असं वाटतं. बसत नाही. लांब वायरने बॅटरी जोडली की वायरचं इंडक्टन्स आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून क्षणभर झोका घेतात आणि तो झोका पुरवठ्याच्या जवळजवळ दुप्पट जाऊ शकतो. १४.४ चे २८ झाले तर ३२ ची चिप वाचते, २४ ची जाते. पण पॅनलच्या २२ चे ४४ झाले तर ३२ ची चिपही गेली. त्यावर औषध स्वस्त आहे: सिरॅमिकच्या शेजारी १०० मायक्रोफॅरॅड ५० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक. त्याचा अंतर्गत रोध हा झोका मारतो. इथे 'चांगला', अगदी कमी ईएसआरचा (म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर शोधू नका. थोडा आळशीच बरा.

बॅटरीच्या टोकालाच १ अँपिअरचा फ्यूज हवा. यात तडजोड नको. लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर बारीक वायर लाल होते, आणि बागेत खाली वाळलेलं गवत असतं. उलट जोडणीसाठी १२ व्होल्टवर शॉट्की डायोड चालतो, ०.३ व्होल्ट म्हणजे अडीच टक्के. एका लिथियम सेलवर तोच डायोड ८ टक्के खातो, तिथे पी-चॅनल मॉसफेट लावा.

पायरी ७: इंडक्टर

सूत्र एकच आहे. आउटपुट व्होल्ट गुणिले (१ वजा आउटपुट भागिले इनपुट), या सगळ्याला रिपल करंट (इंडक्टरमधल्या करंटचा चढ-उतार) आणि स्विचिंग वारंवारता यांच्या गुणाकाराने भागायचं. इनपुट १४.४, आउटपुट ३.३, वारंवारता १.१ मेगाहर्ट्झ, रिपल ०.४ अँपिअर धरलं तर ५.८ मायक्रोहेन्री येतात. बाजारात ४.७ आणि ६.८ मिळतात. ४.७ घेतला तर रिपल अर्ध्या अँपिअरला पोचतो. २ अँपिअरच्या चिपला तो चालतो. डेटाशीटच्या तक्त्यात दिलेल्या मूल्याच्या आसपास राहा, कारण चिपचं आतलं नियंत्रण तेवढ्याच पट्ट्यासाठी जुळवलेलं असतं.

चूक होते ती मायक्रोहेन्रीत कमी आणि सॅच्युरेशन करंटमध्ये (ज्याच्या वर इंडक्टर काम करेनासा होतो त्या करंटमध्ये) जास्त. भार अर्ध्या अँपिअरचा आहे म्हणून ०.८ अँपिअरचा इंडक्टर घेतात. पण सुरू होताना रिकामे कपॅसिटर भरायचे असतात आणि चिप त्या वेळी स्वतःच्या करंट-लिमिटपर्यंत जाते, जी २ अँपिअरच्या चिपमध्ये ३ च्या आसपास असू शकते. इंडक्टर सॅच्युरेट झाला की तो जवळजवळ नुसती वायर उरतो. म्हणून सॅच्युरेशनचा आकडा चिपच्या करंट-लिमिटपेक्षा वर हवा. शील्डेड घ्या, शेजारी अँटेना आहे. याच कारणासाठी अर्ध्या अँपिअरच्या कामाला ३ अँपिअरची चिप घेऊ नये: तिच्यामागे मोठा इंडक्टर येतो.

पायरी ८: कपॅसिटर आणि छापील आकडा

सिरॅमिक कपॅसिटरवर २२ मायक्रोफॅरॅड लिहिलेलं असतं ते शून्य व्होल्टला. डीसी व्होल्टेज चढला की त्याची क्षमता उतरते, आणि आकाराने लहान, रेटिंगला काठावर असलेल्या कपॅसिटरमध्ये ती निम्म्याखालीही जाते. इनपुटला एक्स७आर जातीचा सिरॅमिक, ५० व्होल्टचा. आउटपुटला २२ चे दोन, निदान १० व्होल्टचे, १२०६ किंवा ०८०५ आकारात. ०४०२ आणि ०६०३ इथे नकोत.

हे मी एका दुसऱ्या बोर्डावर जवळून पाहिलं. ईएसपी३२ सुरू व्हायचा, वायफाय चालू झालं की रीसेट, पुन्हा सुरू, पुन्हा रीसेट. सीरियल मॉनिटरवर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' (म्हणजे व्होल्टेज फार खाली गेला) ही ओळ ओळीने उमटत होती. मल्टीमीटर ३.२९ दाखवत होता, कारण मल्टीमीटरला तो खड्डा दिसतच नाही. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा दिसलं की पाठवण्याच्या क्षणी रेघ २.४ च्या खाली आपटते आणि काही मायक्रोसेकंदांत वर येते. ईएसपी३२ च्या पायांपाशी १०० मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर हाताने सोल्डर केला आणि तो खड्डा ३.१ वर थांबला. ऑसिलोस्कोप नसेल तर ती सीरियलची ओळच तुमचा ऑसिलोस्कोप समजा.

पायरी ९: चांगल्या चिपला गिळणारे शेजारी

ईएसपी३२ चा डेव्हलपमेंट बोर्ड वापरत असाल तर इथे नीट लक्ष द्या. त्यावर बहुतेक वेळा एएमएस१११७ किंवा तसाच रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप बसलेली असते. तुम्ही काळजीपूर्वक निवडलेल्या बकमधून ५ व्होल्ट काढून ते '५व्ही' पिनला दिलेत, तर त्या बोर्डावरचा रेग्युलेटर पुन्हा ५ मिलिअँप खायला बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात. ३.३ थेट '३व्ही३' पिनला द्या. त्याहून उत्तम म्हणजे ईएसपी३२ चं नुसतं मॉड्यूल स्वतःच्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) बसवा. पॉवरचा लाल एलईडी उपटून टाका. १ किलोओहमच्या रोधासह तो मिलिअँपच्या वर घेतो, आणि बंद डब्यात तो पाहतंय कोण?

आउटपुट ठरवणारे रोधही हिशेबात धरा. आउटपुट बदलता येणाऱ्या चिपला फीडबॅकचे दोन रोध लागतात. ते मिळून ३३ किलोओहम असतील तर ३.३ व्होल्टला १०० मायक्रोअँप सतत वाहतात. १ मेगाओहमच्या आसपास नेले तर ३ मायक्रोअँपवर येतात, मात्र ती वाट आता नाजूक झाली: फ्लक्सचा थर आणि कोकणातली किंवा पावसाळी दमट हवा मिळून बोर्डावर जी गळती करतात, तीच आउटपुट हलवू शकते. सोल्डरिंगनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलाव्यापासून जपणाऱ्या लेपाचा) हात द्या. किंवा माझ्यासारखी आउटपुट आतच ठरलेली चिप घ्या आणि रोधांचा प्रश्नच मिटवा.

बॅटरी खोल उतरू नये म्हणून इनेबल पिनवर (चिप चालू-बंद करणाऱ्या पायावर) रोधांची जोडी लावून ११.५ ला चिप बंद करता येते. त्या जोडीतूनही करंट वाहतो आणि काही चिपांच्या इनेबल पिनमधून स्वतःचा मायक्रोअँपभर करंट येतो, तेव्हा साधं भागाकाराचं गणित न करता डेटाशीटमधलं सूत्रच वापरा.

पीसीबीची आखणी हा स्वतंत्र विषय आहे, पण एक गोष्ट इथेच सांगतो. इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या व्हीइन आणि ग्राउंड पायांना अक्षरशः चिकटून हवा, एक-दोन मिलिमीटरवर. स्विच पिनपासून इंडक्टरपर्यंतचं तांबं आखूड ठेवा आणि सेन्सरची ॲनालॉग रेघ त्याच्या खालून नेऊ नका.

पायरी १०: डब्यात घालण्यापूर्वी मोजा

कागदावरचा हिशेब मीटरने खरा करून घ्यायचा. आधी बोर्ड न जोडता, नुसत्या कन्व्हर्टरला १२ व्होल्ट देऊन इनपुटचा करंट मोजा. २२ मायक्रोअँपची चिप काही मिलिअँप दाखवत असेल तर एलईडी विसरलाय, चुकीचा अंक घेतलाय किंवा चिप नकली आहे. स्वस्त मॉड्यूलवर दुसऱ्याच चिपवर मोठ्या नावाचा छाप मारलेला असतो, हे बाजारात नवं नाही.

मग बोर्ड जोडून झोपेचा करंट. इथे मीटर स्वतः अडचण होतो. साध्या डिजिटल मीटरच्या २००० मायक्रोअँपच्या रेंजमध्ये आत १०० ओहमचा रोध असतो. बोर्ड जागा झाला की १२ व्होल्टच्या बाजूने ३५-४० मिलिअँप ओढतो आणि मीटरमध्येच तीन-चार व्होल्ट पडतात. वायफायच्या झटक्याला त्याहून जास्त, मग बोर्ड रीसेट होतो आणि झोपेपर्यंत पोचतच नाही. उपाय हाताशी आहे. मीटरच्या दोन्ही टोकांवर मगरचिमट्याची एक वायर आडवी लावा, बोर्ड सुरू करा, तो झोपला की वायर काढा, आकडा वाचा, आणि जागा व्हायच्या आत वायर पुन्हा लावा. पीएफएममुळे आकडा नाचत असेल तर कन्व्हर्टरच्या इनपुटवरचा तो १०० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक त्याला शांत करतो. मात्र नवा इलेक्ट्रोलिटिक पहिली काही मिनिटं स्वतःच काही मायक्रोअँप गळतो, म्हणून दहा मिनिटं थांबून मग आकडा लिहा. माझ्या मीटरवर तो २९ आणि ३४ च्या मध्ये खेळत होता.

भाराची परीक्षा १० ओहम २ वॉटच्या रोधाने होते. ३.३ व्होल्टवर तो ३३० मिलिअँप घेतो. इनपुट १०.५ वर असताना, १२.५ वर असताना आणि १४.४ वर असताना तो लावून-काढून आउटपुट पाहा. तिन्ही ठिकाणी ३.२ च्या वर राहायला हवं. पाच मिनिटांनी इंडक्टरला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर सॅच्युरेशनच्या आकड्याकडे परत जा.

सगळं जमलं की झोपेचा करंट, बॅटरीचा मोकळा व्होल्टेज आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. मामांच्या बागेतल्या डब्यावर ती आहे. ते महिन्यातून एकदा झाकण उघडतात, मीटर लावतात आणि त्याच पट्टीवर खाली नवा आकडा लिहितात.